व्यसनमुक्ती कक्षातला गट: औषधांनंतर सुरू होणारे उपचार

एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत एक जाहिरात वर्षानुवर्षे दिसत आली आहे: ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.’ मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नवऱ्याला, भावाला किंवा मुलाला घेऊन येणाऱ्या कुटुंबांची अपेक्षाही पुष्कळदा याच जातीची असते. काहीतरी गोळी द्या, इंजेक्शन द्या, पंधरा दिवस ठेवून घ्या आणि माणूस नीट करून परत द्या, असे त्यांचे म्हणणे असते, आणि इतकी वर्षे सोसल्यानंतर ते तसे म्हणतात याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. मी एका शासकीय मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून दीर्घकाळ काम केले, आणि त्या काळाचा मोठा भाग व्यसनमुक्ती कक्षातील गटोपचारांत गेला. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. दारू पिणाऱ्याच्या नकळत सुटत नाही. ती त्याला कळून-सवरून, आणि शक्यतो त्याच वाटेने गेलेल्या इतरांच्या समक्ष सोडावी लागते. असे असूनही आपल्या बहुतेक रुग्णालयांत गटोपचार हा वेळ उरला तर घेण्याचा कार्यक्रम मानला जातो. तो उपचारांचा गाभा का आहे, हे सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे. गटात बोललेले बाहेर जात नाही हा आमचा पहिला नियम असल्याने पुढे येणारी उदाहरणे कोणा एकाची नाहीत. अनेकांच्या सांगण्यातून ती एकत्र केलेली आहेत.

औषधांचे काम आधी सांगायला हवे, कारण ते झाल्याशिवाय गट सुरूच होऊ शकत नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू थांबवली तर काही तासांतच हातांची थरथर, घाम, मळमळ आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होऊ लागतात, भिंतीवर किडे दिसतात, वेळेचे आणि ठिकाणाचे भान सुटते. या शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर ती जिवावर बेतते. म्हणूनच खोलीत कोंडून दारू सोडवण्याचा घरगुती उपाय अत्यंत धोकादायक आहे. रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधे देऊन ती हळूहळू कमी केली जातात, यकृत फार बिघडले असेल तर त्याऐवजी लोराझेपाम दिले जाते, आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात, तेही ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी, द्यावे लागते, कारण त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हा सगळा टप्पा साधारण आठवडा-दहा दिवसांचा असतो. तो संपला की माणूस जेवू लागतो, झोपू लागतो, दाढी करतो, आणि नातेवाईक म्हणतात की आता बरा झाला, घरी नेतो. माझ्या दृष्टीने सर्वांत अधिक नुकसान याच क्षणी होते. शरीरातून दारू गेलेली असते. मात्र ज्या विचारांनी, ज्या सोबतीने आणि ज्या सवयींनी ती रोज संध्याकाळी हातात येत होती, त्यांना कोणी हातही लावलेला नसतो.

गटाची रचना साधी असते. सकाळचा राऊंड आणि औषधे झाली की खुर्च्या किंवा सतरंजी गोलाकार मांडली जाते, आठ ते बारा जण बसतात, आणि तास-दीड तास बोलणे चालते. आमचा गट खुला असे, म्हणजे चार दिवसांपूर्वी दाखल झालेला, ज्याच्या हातात चहाचा कप अजून हलतो आहे असा माणूस आणि उद्या घरी जाणारा माणूस एकाच गोलात असत. काही तज्ज्ञ बंद गट पसंत करतात, कारण त्यात विश्वास लवकर जुळतो. वॉर्डात मात्र मला खुला गटच अधिक उपयोगी वाटत आला. नव्याला आपण तीन आठवड्यांनी कसे दिसू हे समोर दिसते, आणि जुन्याला आपण तीन आठवड्यांपूर्वी कसे दिसत होतो हे विसरू दिले जात नाही. नियम थोडेच असतात. कोणी बोलत असताना मध्ये तोडायचे नाही, न मागता सल्ला द्यायचा नाही, दुसऱ्याच्या जातीवर, घरावर, बायकोवर शेरा मारायचा नाही, आणि स्वतःबद्दल बोलायचे.

हा शेवटचा नियम सर्वांत अवघड जातो. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक जण दारूची कारणे सांगतो: साहेब त्रास देतो, जमिनीचा वाद आहे, बायको माहेरी निघून गेली. कारणे खोटी नसतात. पण बायको माहेरी जाण्याच्या आधी किती वर्षे पीत होता, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तर तो आरोप होतो, बायकोने विचारला तर भांडण होते, आणि शेजारी बसलेल्या, स्वतःची बायको तशीच माहेरी गेलेल्या माणसाने विचारला तर तो खाली मान घालून उत्तर देतो. गटोपचाराची सारी ताकद मला या एका फरकात दिसते.

एक प्रसंग जवळपास प्रत्येक तुकडीत येत असे. नवीन आलेला एखादा गृहस्थ ठामपणे सांगे, “मी श्रावण कडक पाळतो. महिनाभर थेंबाला शिवत नाही. व्यसनी असतो तर जमलं असतं का?” या युक्तिवादाला पुस्तकी उत्तर आहे: काही काळ थांबता येणे हा व्यसन नसल्याचा पुरावा नसतो, एकदा सुरू केल्यावर किती आणि केव्हा थांबायचे यावरचा ताबा सुटलेला असणे हे व्यसनाचे लक्षण असते. मी हे उत्तर दिले तर तो मान डोलावतो आणि मनात काहीही बदलत नाही. त्याऐवजी गटातलाच एखादा जुना ड्रायव्हर शांतपणे विचारतो, “गटारीला किती घेता?” मग, “श्रावण संपल्यावर पहिला ग्लास कधी?” उत्तर येते, “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.” “मग महिनाभर रोज काय मोजत होता?” यावर गटात बराच वेळ कोणी बोलत नाही, कारण बसलेल्यांपैकी अनेकांनी तसेच दिवस मोजलेले असतात. मग एकामागून एक जण आपापला श्रावण सांगू लागतो. एकाने संध्याकाळी हात थरथरू नयेत म्हणून कफ सिरप घेतलेले असते, दुसऱ्याचा श्रावण म्हणजे घरी सोवळे आणि कामाच्या ठिकाणी चालूच असा असतो. पहिल्या गृहस्थाला कोणीही व्यसनी म्हटलेले नसते, आणि तरी त्याच दिवशी किंवा दोन दिवसांनी तो स्वतःहून म्हणतो की माझेही तुमच्यासारखेच आहे.

शरमेचे काम याहून सावकाश चालते. मुलीच्या शाळेच्या फीचे पैसे, आईच्या दवाखान्याचे पैसे, बायकोचे मंगळसूत्र, यांविषयी माणूस घरी कधीच नीट बोललेला नसतो, कारण घरी ते बोलणे म्हणजे गुन्ह्याची कबुली असते. गटात तो ते पहिल्यांदा बोलतो तेव्हा त्याला अपेक्षा असते तिरस्काराची, आणि समोरून दुसरा म्हणतो, “मी मुलाचा गल्ला फोडला होता.” शरम वाटली की ती बुडवायला पुन्हा दारू, हे चक्र या बोलण्याने सैल होऊ लागते. येथे उपचारकाला फार जपून राहावे लागते. केलेल्या गोष्टीचे ओझे हलके व्हायला हवे, पण ज्यांच्यावर ती बेतली त्यांचे दुःख कमी लेखले जाता कामा नये. पत्नीला मारहाण केल्याचे कोणी सांगत असेल आणि गट ‘पिऊन होतं असं’ म्हणत समजूत काढू लागला, तर मी तिथे हस्तक्षेप करत असे.

मग सराव. आम्ही गटात प्रसंग उभे करत असू: हळदीचा कार्यक्रम आहे, मेहुणा ग्लास पुढे करतो आहे, “एवढ्यानं काय होतंय, माझ्यासाठी एक.” दाखल असलेला माणूस म्हणतो की डॉक्टरांनी लिव्हरचे सांगितले आहे. मेहुण्याची भूमिका करणारा लगेच म्हणतो, “मग बिअर घ्या.” उपवास आहे म्हटले तर उद्या ये, गाडी चालवायची आहे म्हटले तर मी सोडतो. दोन-तीनदा हे झाल्यावर गटाच्याच लक्षात येते की प्रत्येक कारणाला उत्तर तयार असते, आणि म्हणून ‘मी घेत नाही’ एवढेच सांगून तेथून उठणे सर्वांत सोपे पडते. पगाराचा दिवस, गावची जत्रा, वरात, अंत्यविधीहून परतताना होणारी बैठक, हे सगळे आधी करून पाहावे लागते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ जास्त येते, आणि बहुधा ती अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते, त्यामुळे तेवढा वेळ कोणाजवळ आणि कसा काढायचा हे प्रत्येकाने नाव घेऊन ठरवायचे असते.

या ठिकाणी तुळशीच्या माळेविषयी सांगितले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातून आणि मराठवाड्यातून येणारे कितीतरी जण घरी गेल्यावर माळ घालण्याचे बोलत. माझ्या काही सहकाऱ्यांना ही पळवाट वाटे. मला तसे वाटत नाही. माळकऱ्यापुढे गावात कोणी ग्लास धरत नाही, धरला तर लोकच धरणाऱ्याला बोलतात. शिवाय माळेबरोबर भजनी मंडळ येते, एकादशी येते, दिंडी येते, म्हणजे संध्याकाळच्या त्या रिकाम्या तासांना सोबत मिळते. अट एवढीच की माळ त्याने स्वतः मागितलेली असावी. आईने शपथ घालून घातलेली माळ खुंटीला लावून पिणारेही आमच्याकडे येत.

दारूच्या संदर्भात या पद्धतीचा उगम रुग्णालयाशी जोडलेला आहे, हे फारसे सांगितले जात नाही. न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये वारंवार दाखल झालेला बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस मे १९३५ मध्ये ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाला भेटला. डॉ. बॉब स्वतः मद्यपी होते, दारूचे दुष्परिणाम त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती, आणि तरीही त्यांना सोडता येत नव्हती. दुसऱ्या मद्यपीशी झालेल्या बोलण्याने जे साधले ते वैद्यकीय ज्ञानाने साधले नव्हते. डॉ. बॉब यांनी शेवटचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे मद्यपींनीच एकमेकांना आधार देण्यासाठी सभा भरवणाऱ्या संघटनेचा, स्थापना दिवस मानला जातो. तिसरा सदस्य शोधण्यासाठी हे दोघे गेले ते ॲक्रनच्याच एका रुग्णालयातल्या खाटेपाशी, आणि १९३९ पासून डॉ. बॉब यांनी सिस्टर इग्नेशिया या नोंदणी विभागातल्या ननच्या मदतीने सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मद्यपींना रुग्ण म्हणून दाखल करून घेण्यास सुरुवात केली.

आपल्याकडेही असेच घडले. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. तेथे मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहिणारे डॉ. अनिल अवचट यांनी ते उभे केले, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाचे पाठबळ दिले. ‘येरवड्याला पाठवा’ हे ज्या महाराष्ट्रात चिडवण्याचे वाक्य होते, तेथे त्याच आवारात लोकांनी आपणहून उपचारांना येणे ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पुढे केंद्र स्वतःच्या इमारतीत गेले. त्यांच्याकडून शासकीय रुग्णालयांनी शिकण्यासारखी सर्वांत महत्त्वाची बाब माझ्या मते ही, की तेथे बरे झालेले जुने रुग्ण कार्यकर्ते म्हणून काम करतात. शासकीय आकृतिबंधात अशा माणसासाठी पद नाही. पदवी नसलेला, पण अनेक वर्षे दारूपासून दूर राहिलेला माणूस वॉर्डात काय करू शकतो, याची दखल घेणारा रकाना आमच्या कोणत्याही नमुन्यात नव्हता.

मनोरुग्णालयातल्या गटाला काही अडचणी अशा असतात ज्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या गावातल्या सभेला नसतात. दारूबरोबर नैराश्य, उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया असलेले रुग्ण येथे असतात. दारू थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दिसणारी उदासी पुष्कळदा महिनाभरात आपोआप निवळते, आणि ज्यांची निवळत नाही त्यांना वेगळे उपचार लागतात. हा फरक ओळखण्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि त्या काळात आत्महत्येच्या विचारांवर बारीक लक्ष ठेवावे लागते. थायमिनअभावी स्मृती गेलेला माणूस गटात बसला तर तो न घडलेले प्रसंग पूर्ण खात्रीने सांगतो. तो खोटे बोलत नसतो, मेंदू रिकाम्या जागा भरत असतो, आणि हे इतरांना समजावून सांगितले नाही तर ते त्याच्यावर चिडतात. अशा रुग्णाला शब्दांच्या गटापेक्षा बागकाम, सुतारकाम, ठरलेला दिनक्रम यांचा अधिक उपयोग होतो. आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. बाहेरच्या सभांतले काही जुने सदस्य चांगल्या हेतूने ‘कोणतीच गोळी नको’ असा सल्ला देतात. उन्मादाच्या रुग्णाने तो मानला तर अनर्थ होतो. डायसल्फिराम हे औषध, जे चालू असताना दारू घेतली तर शरीराला त्रास होतो, ते तर रुग्णाच्या संमतीने आणि पूर्ण माहिती देऊनच चालवायचे असते. ते नकळत भाजीत मिसळून दिले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे समाविष्ट आहेत, म्हणजे संमतीचा, गोपनीयतेचा आणि साखळदंडापासून संरक्षणाचा हक्क या रुग्णांनाही आहे.

पत्नींचा गट स्वतंत्र हवा, आणि तो नवऱ्याच्या बरे होण्यासाठी नसून तिच्या स्वतःसाठी असतो, हे पहिल्या दिवशीच सांगावे लागते. ती वर्षानुवर्षे त्याचे खिसे तपासते, साहेबांना फोन करून खोटे आजारपण कळवते, उधारी फेडते, आणि त्यात तिची झोप, तिचे जेवण, तिच्या मैत्रिणी कधी सुटल्या हे तिला आठवत नाही. मुक्तांगणमध्ये ‘सहचरी’ हा असा गट चालतो. आमच्याकडे भेटीच्या दिवशी, बाकावर, जमेल तसा चालत असे.

स्त्री-रुग्णांची स्थिती याहून वाईट आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के आहे. या कमी आकड्यामुळे रुग्णालयात त्यांच्यासाठी गट बनत नाही, पुरुषांच्या गटात त्या बोलू शकत नाहीत, आणि औषधे संपली की त्या घरी जातात. दोन-तीन रुग्णालयांनी मिळून आठवड्यातून एकदा व्हिडिओवर त्यांचा गट घेणे आज सहज शक्य आहे.

त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणते तरी उपचार मिळतात, आणि दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला. म्हणजे आमच्या वॉर्डापर्यंत पोहोचलेला माणूस आधीच दुर्मीळ आहे. त्याला औषधे देऊन, गटाविना परत पाठवणे ही फार मोठी नासाडी आहे. गटाचा उपयोग मोजला गेलेला आहे. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी होते. वर्षभरानंतर पूर्णपणे दारूमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण अल्कोहोलिक्स अनॉनिमसशी जोडून देणाऱ्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के, तर इतर उपचारांत सुमारे ३५ टक्के आढळले. यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत आणि फरक प्रचंड नाही, हे मान्य करूनही लक्षात घ्यावे की या सभांना शुल्क नसते, आणि त्या माणसाला वाटेल तितकी वर्षे उपलब्ध असतात.

घरी गेल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे. या काळात पुष्कळ जण घसरतात, आणि एका ग्लासानंतर ‘आता सगळे संपलेच’ या विचाराने पूर्ण बाटलीपर्यंत जातात. स्लिप झालेला माणूस वॉर्डात परत आला की काही कर्मचारी त्याला ‘पुन्हा आलात?’ असे विचारतात. मधुमेहाचा रुग्ण साखर वाढून आला तर त्याला असे कोणी विचारत नाही. गटात मात्र त्याची जागा असते, आणि तो शेवटच्या ग्लासाआधीचे आठ दिवस तपशिलाने सांगतो तेव्हा नव्या मुलांना त्याच्याइतके चांगले शिकवणारे दुसरे कोणी नसते.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. त्या माणसाच्या तालुक्यात सभा कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या शाळेत किंवा चर्चच्या खोलीत भरते हे नसते. ते लिहिले जावे, आणि घरी जाण्यापूर्वी त्या भागातल्या एखाद्या सदस्याची वॉर्डातच भेट व्हावी, एवढी मागणी मी नोकरीत असताना करत आले आणि आजही करते. हे सदस्य रुग्णालयात विनामूल्य येतात. त्यांना फक्त अधीक्षकांचे एक पत्र आणि आठवड्यातला एक तास लागतो. ज्यांच्या घरात आज कोणी पीत आहे त्यांनी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर फोन करावा, आणि जवळच्या केंद्राचा पत्ता विचारताना तेथे रोज गट घेतला जातो का, घरी गेल्यावर पुढे कोणता गट आहे, आणि कुटुंबासाठी वेगळा गट आहे का, हेही विचारून घ्यावे.